दोन काठांचा एक टोला

मंडळी, चित्त इकडे द्या. आज एकच प्रश्न मांडतो. समोरचा चुकला, असं आपण ठामपणे म्हणतो ते कशाच्या आधारावर? आपल्या कानांनी ऐकलं म्हणून? ठीक! पण ते कान उभे कुठे होते, याची चौकशी कुणी केली?

ऐका तर. एक नदी. अलीकडे कुसूरवाडी, पलीकडे निगडोली. दोन्हीकडे मारुतीचं देऊळ, दोन्हीकडे नगारा. रीत अशी, की हनुमान जयंतीला सूर्याची कोर डोंगरावर दिसताच दोन्ही नगाऱ्यांवर एकाच क्षणी जन्माचा टोला पडायचा. नदी अरुंद होती. दोन टोल्यांचा एकच नाद व्हायचा.

पुढे खाली धरण झालं. गावं वर सरकली, मधे किलोमीटरभर पाणी पसरलं. आणि त्या वर्षी कुसूरवाडीचा टोला पडला — धडाम! — आणि तीन आकडे सावकाश मोजावेत इतक्या वेळाने पलीकडून — धडाम! झालं! निगडोलीकर मुद्दाम थांबतात, म्हणे. शेवटचा टोला त्यांचा, म्हणजे मान त्यांचा!

हसू नका. मान डोळ्यांना दिसत नाही, तराजूत मावत नाही, पण त्याच्यावाचून आपल्याला जेवण जात नाही!

कुसूरवाडीचा नगारा दगडूआप्पांकडे. त्यांची लेक भामा निगडोलीत दिलेली. आणि तिचे सासरे गेनबा, तिथले नगारावाले. भामाला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही या भांडणापायी सासरीच झालं. बारशाचं आमंत्रण गेलं, तर आप्पांचा निरोप आला: गेनबांनी देवापुढे लबाडी कबूल करावी, तोवर नातवाचं तोंड पाहणार नाही. गेनबांनी उलट कळवलं: उशिरा वाजवता तुम्ही, आणि कबुली आमच्याकडे मागता?

थांबा! नीट ऐकलंत ना? गेनबांच्या मते उशीर आप्पांचा! मग दोघांतला एक खोटा, होय ना? दोन्ही गावांनी तसंच धरलं. भामाला मात्र ते धरता येईना. एका जयंतीला माहेरी आलेली असताना तिने पलीकडचा टोला उशिरा ऐकला होता. आणि पुढच्या जयंतीला सासरच्या अंगणातून स्वतःच्या बापाचा टोला उशिरा ऐकला होता. तेच नगारे, तेच कान. बदलला होता फक्त काठ.

जयंतीच्या आदल्या दिवशी ती बाळाला घेऊन माहेरी आली. आप्पा ओसरीवर होते. नातवाकडे नजर जाऊ नये म्हणून मान खाली घालून सुपारी कातरत बसले.

"आप्पा, उद्याचा टोला दादाला मारू द्या," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासोबत होडीत चला. मामंजीही येणार आहेत, तिकडचा टोला त्यांचा मुलगा मारेल."

"त्याच्या शेजारी मी बसायचा नाही."

"नका बसू. होडीला दोन टोकं असतात."

सूर्योदयाच्या वेळी होडी पाण्याच्या बरोबर मध्यावर उभी. एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला गेनबा, एकमेकांकडे पाठ करून. मधे भामा, मांडीवर बाळ. कोर दिसली. एक श्वास गेला — आणि दोन्ही काठांवरून मिळून एकच धडाम!

आप्पा काय म्हणाले ते सांगतो, पण आधी कारण समजून घ्या. आवाज प्रवास करतो. किलोमीटरभर पाणी ओलांडायला त्याला तीनेक सेकंद लागतात. टोला उशिरा पडत नव्हता, उशिरा पोचत होता. प्रकाशही असाच प्रवासी, फक्त फार वेगवान. ज्या कोरीवर हे टोले पडत, तिचा प्रकाश सूर्यावरून निघाला होता आठ मिनिटं आधी! म्हणजे मानासाठी भांडणारी दोन्ही गावं मारुतीरायाच्या दरबारात उशिराच हजर होत होती! जितकं लांब पाहाल, तितकं जुनं दिसेल. विश्व तरुण आणि तापलेलं होतं, तेव्हा निघालेला प्रकाश आजही आपल्यापर्यंत येतो आहे. इतका विरलेला, की डोळ्यांना नाही, यंत्रांनाच जाणवतो. काही हरवलेलं नाही, मंडळी. वाटेवर आहे.

आता दृष्टान्ताची मर्यादा. तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस मी, नट अर्धवट आवळून सोडत नाही. नगाऱ्यांचा तंटा घड्याळं जुळवूनही मिटला असता. प्रकाशाचं तसं नाही. त्याचा वेग उभ्यालाही तोच, धावत्यालाही तोच. म्हणून दूरच्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या का, याचं उत्तर काठावरच्याचं एक आणि वेगाने जाणाऱ्याचं दुसरं येतं. दोघांचा हिशेब चोख असूनही! याचा अर्थ वाटेल ते खरं, असा नव्हे. अर्थ इतकाच, की उत्तरासोबत आपण कुठे होतो आणि कसे चाललो होतो, हेही सांगावं लागतं. साऱ्या विश्वाचं मिळून एकच 'आत्ता' नाही.

इकडे होडीत आप्पा पाठ करूनच बसलेले होते. मग वळले. म्हणाले, "गेनबा, पूर्वी असाच यायचा."

"असाच," गेनबा म्हणाले. "नदी रुंद झाली, अन् आपण एकमेकांना लबाड म्हणत बसलो."

आप्पांनी दोन्ही हात पुढे केले. "भामे, आण त्याला इकडे." होडी डुलली. बाळाने आजोबांची मिशी धरली, आणि ती सोडवायला गेनबांना त्या टोकाला यावं लागलं.

मंडळी, भावाचा, जावेचा, शेजाऱ्याचा एखादा उशीर तुम्हीही मनात धरून बसला असाल. निकाल देण्याआधी एकदा पाण्याच्या मध्यावर जा. होडीत एका टोकाला आपण बसलेलेच असतो. दुसरं समोरच्यासाठी रिकामं ठेवा.

आता उचला टाळ, करा गजर! आणि मागच्या खांबापाशी बसलेल्यांचा आवाज किंचित उशिरा आला, तर मागे वळून रागाने पाहू नका. तिथे त्यांनाही तुमचा उशिराच ऐकू येतो आहे.