नाव डब्यावर, झाकणावर नाही

ईशा, नील, बाळांनो, हे मी बोलते आहे आणि समोरच्या फ्लॅटमधली प्रज्ञा टाईप करते आहे. मला आता पानाच्या मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं, म्हणून सगळं नीट आठवतंय तोवर सांगून टाकते. आजी कॅनडाला का आली नाही, हे बाबांकडून तुम्हाला अर्धंच कळलं असेल.

मी मूळची दादरची. इंग्रजी शाळेत शिकले, लग्न होऊन मुलुंडला आले आणि तीस वर्षं एका विमा कचेरीत फायली सांभाळल्या. तिथली सवय घरात आली, स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची सून इंग्रजी शिकलेली, तिला साखरसुद्धा वाचावी लागते. पण चिठ्ठी मी डब्यावर लावायची, झाकणावर कधीच नाही, कारण झाकण काढून बाजूला ठेवलं की नावही त्याच्याबरोबर बाजूला जातं.

तर डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन सुरू झालं. दवाखाना प्रज्ञानेच सुचवला होता, त्यांची वेबसाईट तिच्या चारकोपच्या ऑफिसने केलेली, म्हणजे तिनेच. नंबर तिथेच लावायचा, फोन कोणी उचलत नाही. मी मोबाईल तिरका धरून फॉर्म भरायला बसले. काय सांगू तुम्हाला, प्रत्येक चौकटीत फिकट राखाडी अक्षरं, इथे नाव, इथे तारीख, आणि आपण एक अक्षर टाकलं की ती गायब! मध्येच दूधवाला आला, परत येऊन बघते तर कोणती चौकट कशाची, पत्ताच नाही. हवी होती ती तारीख मागच्या तपासणीच्या चौकटीत गेली आणि मागची पुढच्या चौकटीत. मंगळवारी दवाखान्यात गेले तर यादीत नाव नाही. इंजेक्शन तीन आठवडे लांबलं, तेवढ्यात उजव्या डोळ्याला आणखी पुसट दिसायला लागलं.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, आई, आता बस झालं, साधा फॉर्म भरता येत नाही तर एकटी कशी राहणार, घर बंद कर, मी तिकीट काढतो. मलाही चूक माझीच वाटत होती.

प्रज्ञाला सांगितलं तर ती स्टुलावर बसूनच राहिली. म्हणाली, आजी, मी चौकटींच्या वर नावं लिहिली होती हो, डिझाईनवाल्याने काढली, म्हणे गर्दी दिसते. साईट कशी लिहायची त्याचे नियम सगळ्या जगासाठी करून ठेवलेत, फुकट वाचायला मिळतात, पण वाचतो कोण? एका ब्राउझरमध्ये झकास दिसतं, दुसऱ्यात वाट लागते, तेच सावरण्यात दिवस जातो. आणि आमचे साहेब म्हणतात, अगं, ज्यांना दिसत नाही ते आपली साईट कशाला उघडतील? मी म्हटलं, सर, डोळ्यांचा दवाखाना आहे ना! मग म्हणाली, गोवंडीला आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म मी भरून द्यायचे, त्यातूनच या कामात आले, आणि आता माझाच फॉर्म तुम्हाला भरता येईना.

मी म्हटलं, रड नंतर, आधी चहा टाक. तिने साखरेचा डबा घेतला, झाकण काढून ओट्यावर ठेवलं आणि हातातल्या डब्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आजी, नाव डब्यावर आहे. मी म्हटलं, मग कुठे असणार गं?

दुसऱ्या दिवशी ती माझे दोन डबे घेऊन गेली, पिठीसाखरेचा आणि मिठाचा, चिठ्ठ्या काढून झाकणांवर चिकटवलेल्या. साहेबांच्या टेबलावर ठेवले, झाकणं काढून पर्समध्ये टाकली आणि विचारलं, सर, चहात यातलं कोणतं घालू? साहेब बोट बुडवून चाखायला लागले. ती म्हणाली, आमच्या आजींना प्रत्येक चौकटीला हेच करावं लागतं. डिझाईनवाला म्हणाला, हिने आता किराणा दुकान काढावं. पण साहेबांनी तोंड वाकडं केलं होतं, पहिलं बोट मिठात गेलं होतं ना!

त्या आठवड्यात नावं चौकटींच्या वर परत आली. अक्षरं अजून फिकटच आहेत, त्यावरून तिचं भांडण चालू आहे, आणि ती जिंकेल असं मला वाटतं. गेल्या वेळी फॉर्म मी एकटीने भरला, मध्ये उठून दूधही घेतलं. मंगळवारी यादीत माझं नाव होतं. बाबांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, बरं, तिकीट राहू दे.

तर बाळांनो, सुट्टीत तुम्हीच इकडे या. कडेचं अजून दिसतं. डब्यांवर नावं आहेत आणि घराची किल्ली माझ्याकडेच आहे.