सासऱ्यांचं करकरतं पायताण

माझी बायको सुनीता किती खमकी हाय म्हणून सांगू! तिच्या बापाच्या पोल्ट्रीत कोंबड्यांना जुलाबाची साथ लागलेली. डॉक्टरांनी बजावलेलं, ह्यो व्हायरस माणसांच्या पायानं ह्या शेडातनं त्या शेडात जातो. आणि त्याच आठवड्यात सासरे गडमुडशिंगीला आमच्या पोल्ट्रीतली नवी पिल्लं बघायला हजर. पायात नवंकोरं, करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण.

सुनीता शेडाच्या दारात आडवी उभी. "आबा, आधी ह्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवा."

"चामडं खराब हुईल की गं!"

"मग ते काढा, पाय धुवा आणि माझी स्लिपर घाला."

"ही गुलाबी? मी घालू?"

"न्हायतर घरात बसून च्या प्या."

मी म्हटलं, "असू दे की, वडील हाईत."

"तुम्ही गप बसा. रोगाला सासरा-जावई कळत न्हाय."

शेवटी सासरे गुलाबी स्लिपर घालूनच आत गेले.

परवा मी त्यांच्या पोल्ट्रीवर गेलतो. दारात औषधाचं घमेलं, शेजारी नवीकोरी गुलाबी स्लिपर. सासरे काठी आडवी धरून म्हणाले, "पावणं, जावयाचा मान घरात. हितं ही घालायची."