मेधाची रानहळद आणि आईची कुंडी

आमच्या आईनं एकदा माझ्या बायकोची मेहनत पाण्यात घातली, अगदी तांब्यानं, ते सांगितलं का तुम्हाला?

मेधा वनस्पतिशास्त्र शिकवते. एका रानहळदीचं शास्त्रीय नाव तिला पक्कं करायचं होतं. ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून ते नाव दिलं होतं तो हरवलाय, म्हणून लोक दोन वेगळ्या झाडांना तेच नाव देतात. नवा नमुना ठरवायला ती, जुना जिथं मिळाला होता त्याच रत्नागिरीकडच्या डोंगरावर गेली. फुललेलं एकच झाड मिळालं. जेसल पार्कला आमच्या घरी आणून तिनं ते वर्तमानपत्रात दाबून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन बघते, तर कागद रिकामे.

"आई, इथलं झाड?"

"अगं, गुदमरत होतं बिचारं. कुंडीत लावलं. पाणीपण घातलंय."

फूल चिखलात पडलं होतं. मेधानं ते उचलून धरलं. "आई, ते वाळवायचंच होतं हो!"

आईचा चेहरा एवढासा झाला. पानं गेली, नुसती माती उरली, तरी तिनं ती कुंडी कुणाला हलवू दिली नाही. पुढच्या पावसाळ्यात फूल आलं. आईनंच थोडा कंद मागे ठेवून ते झाड अलगद उपटलं आणि मेधाच्या हातात दिलं. नमुना झाला, नाव पक्कं झालं.

परवा मावशी आली होती. "सून काय करते गं तुझी?"

आई अभिमानानं म्हणाली, "नावं ठेवते."

मावशीनं आवाज एकदम खाली आणला. "तुला?"