शॉकचा नॉब

“बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, दादा!”

“पण मऊ ठेवली तर रेसच्या ट्रॅकवर गाडी वळणात झुकेल, त्याचं काय?”

“प्रत्येक खड्ड्याला ओरडतात ते.”

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भावाचं जुंपलं होतं.

“म्हणून तर गाडीला हे नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले ना? नॉब फिरवला की ट्रॅकवर कडक, रस्त्यावर मऊ.”

“आणि फिरवायला तू विसरतोस.”

“आईशपथ, काल मऊ केला होता.”

“मग काय भुताने कडक केला? आजच्या आज ते शॉक काढून टाक. नाहीतर बाबांना तुझ्या गाडीत बसू देणार नाही.”

“असं बाबा म्हणाले?”

“ते कशाला म्हणतील? मी म्हणतेय.”

मी आत येत होतो तेव्हा, कमरेला पट्टा बांधलेले एक आजोबा बाहेरच्या लाल गाडीचं बॉनेट उघडून गालातल्या गालात हसत शॉकचा नॉब ‘कडक’च्या खुणेपर्यंत फिरवत होते.