आज तिसरा

लेक : फॉर्मवर विचारलंय, आजार कधीपासून. काय लिहू, बाबा?

वडील : मघाशी डॉक्टरांना सांगितलं ना. आज तिसरा दिवस.

लेक : तीन दिवसांच्या सर्दीने आईला ऑक्सिजन लावायची वेळ येते?

वडील : तेच तर मीही म्हणतोय. साधी सर्दी. घरी काही करायचं बाकी ठेवलं नाही मी. दोन वेळा वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तापाची गोळी, प्यायला कोमट पाणी. गेल्या थंडीत डॉक्टरीणबाईंनी कागद लिहून दिला होता, तो दुकानात शिलाई मशीनच्या समोरच भिंतीला चिकटवलाय. अक्षर न् अक्षर पाठ आहे मला.

लेक : म्हणून दाखवा.

वडील : बापाची परीक्षा घेतेस? "सर्दी आपोआप बरी होते, आराम करा. दहा दिवसांत उतार पडला नाही, ताप जाऊन परत आला, धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखलं, तर थांबू नका." आज सकाळी धाप लागली, आज आणली. माझं चुकलं कुठे?

लेक : पहिली शिंक कधी आली तिला?

वडील : शिंका काय, येतातच. शिंप्याच्या दुकानात कापडाचा भुगा काय कमी असतो?

लेक : बाबा.

वडील : शाळेच्या गणवेशांचं काम आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

लेक : काम येऊन किती दिवस झाले?

वडील : आजचा धरून तेरा.

लेक : मग हे तीन कुठून आणलेत तुम्ही?

वडील : परवा ती मशीनवरून उठली आणि आडवी झाली. तिथून धरले.

लेक : आणि त्याआधीचे?

वडील : त्याआधी बसून शिवत होती की. मशीन चालवणाऱ्या बाईला आजारी कसं म्हणायचं? अंथरूण धरल्याशिवाय आपल्या घरात कुणी आजारी धरलाय का कधी?

लेक : मध्ये ताप उतरला होता?

वडील : उतरला होता ना. चार दिवस कणकण होती, मग म्हणाली, आता हलकं वाटतंय. परवा परत चढला.

लेक : ताप जाऊन परत आला. आत्ता तुम्हीच म्हणून दाखवलंत.

वडील : परत आला असं डोक्यातच आलं नाही गं. आधीचा धरलाच नव्हता ना आम्ही.

लेक : गेल्या थंडीत तुम्हाला सर्दी झाली होती तेव्हा कितव्या दिवशी गेलात दवाखान्यात?

वडील : दुसऱ्या. मी नकोच म्हणत होतो. तुझ्या आईनेच हाताला धरून नेलं.

लेक : आणि कागदही तिनेच चिकटवला असेल.

वडील : मलाच काय बोलतेस सगळं? रोज फोन करत होतीस ना तू? तुला नाही कळलं?

लेक : खोकायची. मी विचारायचे, बरी आहेस ना गं? मागे मशीनची खडखड ऐकू यायची. म्हटलं, काम चाललंय, म्हणजे ठीक असणार.

वडील : मग?

लेक : मग काय. मीही तुमचीच पोर. रोज त्या आवाजावर समाधान मानून फोन ठेवला मी. तुमचा राग येतोय मला, बाबा, आणि माझा त्याहून जास्त.

वडील : ती वाचेल ना गं?

लेक : न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंना. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले.

(वॉर्डाचं दार ढकलून सिस्टर बाहेर येतात.)

सिस्टर : पेशंटचे मिस्टर तुम्हीच ना? डॉक्टर परत विचारतायत, नक्की किती दिवस झाले? छातीचा फोटो बघून त्यांना तीन पटत नाहीत. नीट आठवून सांगा.

वडील : बारा.

सिस्टर : अहो, तासाभरात तीनचे बारा कसे झाले?

वडील : तीन झोपून. नऊ बसून.

सिस्टर : मग इतके दिवस का नाही आणलंत त्यांना?

वडील : ती कामात होती.