उताऱ्यावरचं नाव

नव्या मोठ्या इमारतींत गरिबांसाठी राखलेल्या घरांच्या सोडतीत आक्काचा नंबर लागला होता. कागद तपासणाऱ्या खिडकीवरून ती मागं फिरली, तशी आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या मलिक नावाच्या दुसऱ्या अर्जदारानं बाकावर सरकून तिला जागा दिली. पलीकडं आक्काचा धाकटा भाऊ सयाजी बसला होता.

"बाद केलं की रं मला."

"आं? का म्हणून?"

"माझ्या नावावर गावाकडं पक्कं घर हाय म्हणत्यात."

"ते तर आबांचं! मी ऱ्हातोय तिथं."

"उताऱ्यावर माझंबी नाव हाय न्हवं?"

"मीच ठेवलंय, आक्का. गावात समद्यांनी भणींच्या हक्कसोडीवर सह्या घेतल्या. ग्रामसेवक मला खुळा म्हणला. म्हटलं, भणीचं नाव खोडून कुठल्या तोंडानं भाऊबीजेला जाऊ?"

"ठावं हाय. साऱ्या गल्लीत सांगत फिरलेय की मी."

"चल, आजच नाव काढू."

"अर्जादिवशी नाव हुतं. आता काढून उपेग न्हाय."

"चुकलंच माझं. तरीबी काढू, फुडच्या सोडतीला तरी..."

"नगं म्हटलं ना! ह्या जल्मात एवढ्याच घरावर नाव लागलंय माझं. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."