दादासोंचं ‘नको’

(रहिमतपूर. दादासोंच्या घराचा सोपा. विट्याहून आलेली धाकटी बहीण सुलाबाई. खांद्यावरची पिशवी अजून तशीच.)

सुलाबाई : पाणी राहू दे. हितं सरक, जवळ बस. एक गोष्ट सांगते. तुझीच हाय.

दादासो : उन्हातनं आलीस. दम तरी खा.

सुलाबाई : काल आमच्याकडं कीर्तन झालं. बुवा म्हणाले, रहिमतपूरचा एक सुभेदार बायकोमागं अन्न सोडून बसलाय, असा जोडा आता बघायला मिळायचा न्हाई. बायांनी डोळं पुसलं. मी टाळ खाली ठेवला आन उठले. जन्मात पहिल्यांदा कीर्तनातनं उठले, दादा.

दादासो : बुवांवर कशाला राग?

सुलाबाई : बुवांवर न्हाई, तुझ्यावर. गळ्याखालच्या हासळ्या बघ कशा वर आल्यात. विजयावहिनी उन्हाळ्यात गेली, आन तू लगेच तिच्या मागं निघालास. वर लोकं हात जोडत्यात.

दादासो : मी काय सोडलं न्हाई.

सुलाबाई : मग तुझी सून पूजा मला रडत फोन का करती? ती ताट घेऊन येती, तू नको म्हणतोस.

दादासो : म्हणतो. मग ती जाती.

सुलाबाई : जाणारच की. सासऱ्याच्या शब्दावर बोलंल व्हय ती?

दादासो : विजया जायची न्हाई. मी नको म्हणायचो, ती पुन्हा इचारायची. पुन्हा नको. मग न इचारता वाढायची. जन्मभर असाच जेवलो, सुला. ‘वाढ’ म्हणायची येळच आली न्हाई.

सुलाबाई : म्हंजे तू उपाशी हाईस?

दादासो : लय.

सुलाबाई : सरहद्दीवर बंदूक धरलीस, आन सुनंकडं भाकरी मागता येईना?

दादासो : आता तर लोकं पाया पडत्यात. मागू कसं?

सुलाबाई : पाया पडणारं खांदा द्यायला बी येतील, हौसेनं. आमचं मालक गेलं तवा मला कुणी इचारलं, जेवलीस का? पदरात लेकरं, दारात म्हस. भाकरी मीच थापली, मीच खाल्ली. त्याचं कीर्तन कुणी केलं न्हाई.

दादासो : हळू. पूजा ऐकंल.

सुलाबाई : ऐकू दे. हाक मार तिला.

दादासो : तूच सांग की.

सुलाबाई : मी उद्या विट्याला जाणार. परवा कोण सांगंल?

दादासो : …पूजा. ए पोरी. भूक लागलीया मला.

पूजा : आले, मामा. डाळकांदा वाढू?

दादासो : नको…

सुलाबाई : दादा.

दादासो : वाढ, पोरी. भाकरी बी आण.

सुलाबाई : जेव आता. आन वहिनीची आठवण काढशील तवा आमच्या मालकांची बी काढत जा. मला तवा सवडच झाली न्हाई.